पगार पहिल्यांदा दिला ती तारीख

फॉर्मवर असा एक रकाना आहे:
पगार पहिल्यांदा दिला ती तारीख.
पेन तिथवर आलं आणि अडलं,
ओल्या कॅनव्हासात सुई अडते तसं.

डुलुथमध्ये एप्रिल म्हणजे अजून बर्फच.
तळ्यावरून वारा सुटला की दुकानाची पाटी कुरकुरते:
तंबू, पिशव्या, होड्यांची झाकणं शिवून मिळतील.
एकतीस वर्षं मिळताहेत.
यंदा उत्तरेकडच्या एका शिबिराने चाळीस तंबू मागितले
आणि माझ्या उजव्या खांद्याने हात वर केले.
म्हणून ब्लेंग. वय तेवीस.
आईच्या शेजारी बसून भरतकाम शिकलेला,
टाका असा, की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

वाटलं होतं, ये म्हणायचं, मशीन दाखवायचं, झालं.
पण आधी दुकानाला एक नंबर हवा.
मग राज्याचा निराळा.
मग तो कोण, याचा पुरावा. झेरॉक्स चालत नाही,
मूळ कागद माझ्या डोळ्यांनी पाहिले
अशी सही मी करायची.
जन्म सेंट पॉलचा, तरी त्याने पाकीट काढलं
निमूट, सवयीने.
ओशाळले मी.
माझ्या आजोबांना बंदरावर इतकं कुणी विचारलं नव्हतं,
नाव तेवढं चुकीचं लिहिलं.

विमावाले स्कॉगस्टाड फोनवर म्हणाले, धोका कशाचा तुमच्याकडे?
सुईचा, म्हटलं.
पूर्वी काही अपघात?
नाही, म्हटलं.
फोन ठेवल्यावर लेम्पीचं बोट आठवलं.

लेम्पी माझी धाकटी बहीण.
दुसऱ्या मशीनवर बावीस वर्षं बसली.
सुई नखातून आरपार गेली त्या दिवशी
चिंधी गुंडाळली, आणि तंबू वेळेत गेला.
पगार कसला? घर एक, चूल एक,
सूप एकाच पातेल्यातलं.
लागेल तेव्हा गल्ल्यातून घ्यायची
आणि चिठ्ठी ठेवायची: बूट, चौदा डॉलर.
त्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात.
कशाला, ते विचारू नका.

तक्ता आला. कामगाराला दिसेल असा लावावा, असा नियम.
दुसऱ्या मशीनसमोर जुनं कॅलेंडर होतं, ते काढलं.
मागचा पांढुरका चौकोन
तक्त्याहून मोठा निघाला.

बुधवारी लेम्पी काठी टेकत वरून खाली आली,
भिंग घेऊन भिंतीशी उभी राहिली.
किमान वेतन.
जादा तास.
दुखापत झाल्यास.
ओठ हलत होते. बोटांवर काहीतरी मोजत होती,
वाकड्या बोटापाशी थांबली.
"हे सगळं तेव्हाही होतं?"
होतं बहुतेक, मी म्हणाले.
ब्लेंगने मान वर केली नाही,
फक्त त्याचं मशीन जरा हळू चालू लागलं.

रकान्यात मी या महिन्यातला शेवटचा शुक्रवार लिहिलाय.
खरं तेच लिहिलं.
त्याआधी पगार असा कुणाला दिलाच नव्हता.

लेम्पीने भिंग झग्याला पुसलं, खिशात ठेवलं.
"त्याला जेवायला सोड," म्हणाली,
"बारा वाजून गेले. लिहिलंय तिथं."