उलटं मिठागर

रात्री तीन दहाला जाळीवर जेलीफिश चिकटलेत,
पंप दोन धाप लागल्यासारखा ओढतोय.
गमबूट चढवून मी खाली उतरतो, फवारा मारतो.
त्यांच्यासोबत निघतात गुटख्याच्या पुड्या,
लहान मुलाची एक चप्पल
आणि बोटभर बोयटं, अजून वळवळतं.
ते मी परत टाकतो. नोंदवहीत त्याला रकाना नाही.

मेम्ब्रेनची पांढरी नळकांडी आता जिथे
जळणाच्या मोळ्यांसारखी रचलीत,
तिथे आमची सात नंबरची कोंडी होती.
बाप उधाणाचं पाणी आत घ्यायचा, दार लावायचा,
मग चैत्रभर उन्हाला काम सांगून बांधावर बसायचा.
बसायचा कसला. पायाने चिखल मळायचा दिवसभर.
पाणी उडू दे, मीठ उरू दे,
एवढंच त्याचं शास्त्र.

माझं शास्त्र साठ बारच्या दाबाचं.
शंभर लिटर समुद्रातून चाळीस लिटर पिण्याजोगं.
उरलेलं साठ, पावणेदोनपट खारट होऊन,
नळीने परत खोल आत,
काशिनाथ नाखव्याची डोल लागायची तिथे.
तो म्हणतो, मासा सरकला.
अहवाल म्हणतो, फरक नाही.
दोघांच्या मधोमध माझा पगार.

प्लांट सुरू झाला त्या आठवड्यात बापाला आणलं.
हेल्मेट त्याच्या टोपीवरच बसवलं.
पेला भरून दिला, चुना मिसळायच्या आधीच्या नळाचा.
त्याने घोट तोंडात घोळवला, गिळला.
"याला चवच नाय रं."
मग म्हणाला, "आन मीठ? रोज किती टाकतंस?"
मी आकडा सांगितला.
तो बोटांवर खंड्या मोजू लागला,
दुसऱ्या हातावर गेला, आणि सोडून दिलं.
कैरीसाठी कनवटीला बांधलेली पुडी सोडली,
चिमूटभर पेल्यात टाकलं,
करंगळीने ढवळलं
आणि सगळं प्यायला.

पाणी डोंगराआड जातं, नव्या टॉवरांकडे.
आवळेखारला मंगळवारी आणि शनिवारी, पाऊण तास.
हेही लिहायला हवं, की त्या पहिल्या मे महिन्यात
आई टँकरमागे धावली नाही.
श्रावणात पागोळ्यांखाली घंगाळं वाहून जातं आमच्याकडे,
आणि होळी झाली की हंडे रांगेत.
तिच्या डोक्यावरची चुंबळ
आता खुंटीला आहे. तिने टाकलेली नाही.

सहाला रुपेश थळे येतो, हजेरीवर सही करतो.
"पंप दोन?"
"ओढतोय," मी म्हणतो.
बाहेर ओहोटी, चिखल उघडा.
कधीकधी कुंपणाला लागून बाप उभा असतो,
बांध होता त्या जागी,
डोळ्यांवर हात धरून,
आज उधाण कुठवर चढेल ते बघत.