रन

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
मंगळवारी सहा ते आठ.
रेडिएटरवर वाळत घातलेले हातमोजे,
त्यांना हॅडकचा वास. निम्मा वर्ग
मासे कापायच्या पट्ट्यावरून थेट इथे येतो.

डोरीन हॅलम फळ्यावर तीनच अक्षरं लिहिते.
रन.
'सोपा आहे,' म्हणते, आणि स्वतःच हसते.

इथे नळ रन करतो. जानेवारीत नाक रन करतं.
पंचेचाळीस नंबरची बस रन करते, रविवार सोडून.
लाल मोजा चुकून धुण्यात गेला की रंग रन करतो
(हालिनाचे पांढरे पडदे असेच गेले,
आता तिच्या खिडकीत कायमची संध्याकाळ).
कोपऱ्यावरचं चिप्सचं दुकान
डोरीनचा मेव्हणा रन करतो,
खुर्चीतून न उठता.

आणि दूध रन आउट होतं.
'म्हणजे पळून कुठे जातं?' हालिना विचारते.
मागच्या बाकावर झलमय फिसकन हसला,
जलालाबादचा, ऑफस्पिन टाकायचा.
वह्या तपासता तपासता मीही हसले.
आम्हा दोघांना ठाऊक होतं
रन आउट म्हणजे काय ते:
हे टोक सुटलेलं, ते अजून लांब,
आणि मधोमध एक माणूस, बॅट पुढे ताणून.

तेस्फालेम सहसा बोलत नाही.
त्यानं वाक्य लिहून वही माझ्याकडे सरकवली.
'माय मदर डिड नॉट रन.'

'यातला कुठला अर्थ?' डोरीननं वाकून विचारलं.
तो फळ्याकडे बघत राहिला,
अनोळखी स्टेशनात वेळापत्रक बघावं तसा.

माझ्या भाषेत त्याला निवडावंच लागलं असतं.
आमच्यात धावून येतो तो देव, किंवा शेजारी.
पळून जातो तो चोर,
नाहीतर प्रेमात पडलेली मुलगी,
नाहीतर तोंडचं पाणी.
आई धावली नाही? की पळाली नाही?
मी विचारलं नाही.

डोरीननं 'मदर'चं स्पेलिंग तेवढं सुधारलं,
बाकी वाक्याला हात लावला नाही.

आठ वाजले. हातमोजे अजून ओलेच.
खाली पंचेचाळीस नंबर उभी होती,
दिवे लावून, दार उघडं,
इंजिन रनिंग,
चाकं जागच्या जागी.