तारण

तोर्शाव्हनच्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर
खिडकीतून बंदर दिसतं, बहुतेक वेळा फक्त धुकं.
शेजारच्या खाटेवर रेगिन, बोटीवरचा मेकॅनिक,
तिशीच्या आतला, डावा हात यंत्रात चिरडलेला.
मी सॉमाल. एक्क्याऐंशी. फुप्फुसात पाणी.

सून रविवारी येते, पत्रकं ठेवून जाते.
'तुमचं तारण झालं आहे का?'
निळ्या लाटांवर पिवळी अक्षरं.
रेगिननं त्यावर कॉफीचा कप ठेवला.
"तारण मला ठाऊक आहे, आजोबा.
बोट बँकेकडे तारण, घर बँकेकडे तारण,
हात गेला तर उरलेला मीही बँकेचा."
हसला, आणि टाके ओढले गेले असावेत,
कारण मग बराच वेळ गप्प.

मला हे बोलणं जमत नाही.
चाळीस वर्षं मंडळीत मागच्या बाकावर बसलो.
साक्ष द्यायची वेळ आली
की नेमकी माझ्या बुटाची नाडी सुटायची.

पण त्या रात्री झोप नव्हती, ना त्याला ना मला.
सांगितलं मग, आठवलं तसं, मागचंपुढचं.

जून होता. मी अठराचा.
पक्ष्यांची अंडी काढायला कड्यावरून खाली सोडलं मला,
वर आठ जण, टाचा गवतात रोवून.
खाली समुद्र इतका खोल
की लाट फुटलेली आधी दिसायची, आवाज मागून यायचा.
कपारीवर उतरलो आणि हाव सुटली.
आत अंडी जास्त होती, निळसर, ठिपक्यांची.
दोर सोडला. कुणी सांगितलं नव्हतं सोडायला.
वळलो तर तो वाऱ्यावर बाहेर झुलत होता,
माझ्या बोटांपासून हातभर लांब.

हातभरच. पण त्या हातभरात
माझं सगळं शहाणपण बुडालं.

मग हानुस उतरला, थोरला भाऊ,
मेंढ्यांसाठीच्या जुन्या दोरावर, कारण चांगला माझ्याकडे होता.
झोका घेऊन त्यानं माझा दोर धरला,
माझ्या कमरेला बांधला, गाठ दोनदा तपासली.
शिवी दिली एक. म्हणाला, "आधी तू."
तीन झटके. वर ओढा.
मी गवताला गाल टेकवला तेव्हा
खाली जुना दोर कातळावर तुटला.

रेगिन अंधारात म्हणाला,
"आणि तेव्हा तुमचा देव कुठं होता?"

माहीत नाही, म्हटलं.
त्रेसष्ट वर्षं मीही तेच विचारतोय.
पाळकांकडे उत्तर होतं; मला ते पायाला लागणाऱ्या
दुसऱ्याच्या बुटासारखं वाटलं.
मी फेडायला निघालो होतो.
दर शरदात आईच्या दारात एक मेंढा बांधायचो.
तिसऱ्या वर्षी तिनं तो सोडून दिला.
"फेडतोस काय? तो सावकार होता का तुझा?
जग. नीट जग. एवढंच."
त्या दिवशी क्रूस मला पहिल्यांदा कळला,
देवळात नाही, शेणाच्या वासात,
मोकळा मेंढा डोंगर चढताना बघत.

एवढीच साक्ष आहे, रेगिन. अर्धी आहे.
वर आलो तो माझ्या हातांच्या जोरावर नाही.

तो काही बोलला नाही.
खूप उशिरा विचारलं, "झटके किती म्हणालात?"
"तीन."

सकाळी त्याला शस्त्रक्रियेला नेलं.
पत्रकावर कपाचं तपकिरी वर्तुळ,
बरोबर प्रश्नचिन्हाभोवती.
माझ्या खाटेशी ढकलगाडी क्षणभर अडली,
आणि त्यानं उजव्या हातानं
लोखंडी कठड्यावर तीनदा ठोकलं.

थट्टा होती की आणखी काही, कुणास ठाऊक.
दार बंद झालं.
मी पांघरुणाखाली टाचा गादीत रोवल्या
आणि धरून राहिलो.