वरकस

सातबाऱ्यावर लिहिलंय: वरकस.
भाताला नालायक, नाचणीला कशीबशी,
आकार दोन रुपये दहा पैसे.
तलाठी म्हणाला, बाई, यात पिकणार काय?
म्हटलं, गाय.
तो हसला नाही. शिक्का शोधत राहिला.

त्याआधी मला शेतकरी ठरायचं होतं.
ट्रंकेच्या तळातून काढला घणसोलीचा उतारा,
घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी:
पदाजी बाळ्या मढवी, खाडीकडची पावणेदोन एकरं.
तिथे आता सेक्टर आहे, एक जिम आहे
आणि पार्किंगवरून रोजची भांडणं.
नसलेल्या जमिनीच्या कागदावर
मला असलेली जमीन मिळाली.

साडेबारा टक्क्यांतला माझा वाटा गेला त्यात.
मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या वरच्या अंगाला
चार एकर अकरा गुंठे,
पैकी पोटखराबा एकतीस.
मुलगा म्हणाला, एवढ्यात पनवेलला टू बीएचके आला असता.
आला असता.
पण टू बीएचके रवंथ करत नाही.

पौषात म्हशाच्या जत्रेत दोन डांगी घेतल्या,
पांढऱ्यावर शाईचे डाग पडावेत तशा.
रुमालाखाली बाईच्या बोटांवर सौदा करायला
व्यापारी लाजला,
म्हणून त्याला भाव मोठ्याने सांगावा लागला,
आणि चारचौघांत सांगितलेला भाव
जागच्या जागी दोन हजारांनी उतरला.

मोजणी झाली. दगड पुरले. तारेची बंडलं आली.
तिसऱ्या दिवशी हासू मेंगाळ येऊन उभा राहिला,
दगडाच्या बाहेर, बरोबर बाहेर,
जणू तार लागलीच आहे.
म्हणाला, लावा तार. तुमची हाय.
पन हितून बायका झऱ्याला जातात.
आणि गप्प झाला.
त्याच्या शेळ्या तेवढ्या आत होत्या.

मी कागद दाखवणार होते. पिशवीतच होता.
तेव्हा आठवली सासूबाईंची म्हैस, चांदी.
गुरचरणाच्या तोंडाशी बोर्ड लागला होता,
निळ्यावर पांढरी अक्षरं, ही जागा अमक्याची मालमत्ता.
चांदी तीन संध्याकाळी त्या बोर्डापुढे जाऊन
ओरडली. मग बोर्डाला अंग घासलं.
चौथ्या दिवशी सासूबाईंनी तिला भिवंडीच्या गवळ्याला दिलं
आणि दावं मात्र ठेवून घेतलं.

चार हात सोडले.
यात मोठेपणा नाही, कारण नंतर
हासूच्या शेळ्यांनी माझी अकरा शेवग्याची रोपं खाल्ली
आणि मी त्याला जे बोलले
ते झऱ्याच्या पलीकडच्या वाडीतही ऐकू गेलं.
तो दोन दिवस आला नाही.
तिसऱ्या दिवशी कोयता घेऊन आला,
न विचारता बांधाकडेचं गवत कापून
त्याने जाळरेषा काढली.
फागुनात वरचा डोंगर पेटतो, म्हणाला,
तुम्हांला कुनी सांगितलं नसंल.

नव्हतं सांगितलं.
इथे पवना कुठला आणि कुसळी कुठली,
कुसळ गाईच्या डोळ्यात गेलं तर काय करायचं,
पत्र्याच्या खोलीत रात्री पायाखाली काय बघून उतरायचं,
खरेदीखतात यातलं एक कलम नाही.

डोंगर पेटला तो होळीच्या आधी चार दिवस.
आग रेषेपर्यंत आली,
तिथे थोडा वेळ शोधल्यासारखी फिरली.
आम्ही दोघं ओले गोणपाट घेऊन उभे,
कोणी कोणाला काही बोललो नाही.

रात्री पश्चिमेला कल्याणचा उजेड दिसतो,
आभाळाला खालून लागलेली ओल जशी.
दोघी गाई त्याच्याकडे पाठ करून बसतात.
सकाळी थोरली पहिल्यांदा त्या चार हातांतूनच बाहेर पडते,
आत चार एकर पडलेले असताना.
हद्द तिला अजून कोणी वाचून दाखवलेली नाही.

परवा नवा उतारा काढला.
पिकाच्या रकान्यात लिहिलंय: गवत पड.
पड, म्हणजे काही नाही.
घरी येऊन चरवी खंगाळली,
आणि त्या काही नाहीचं
पावणेतीन लिटर दूध काढलं.