सुरगाठ

लगमाबाईनं आधी माझे हात बघितले.
गुळाच्या पेठेत अठरा वर्षं दिवाणजी:
बोटांना शाई, तळव्याला घट्टा नाही.
"ह्या हातानं अवघड हाय," म्हणाली
आणि कासरा त्याच हातात दिला.

मी तो तळव्याभोवती दोन वेढे गुंडाळला,
सवयीनं, दप्तराच्या नाडीसारखा.
तिनं स्वतःचा डावा हात पुढं केला.
करंगळी अर्धीच होती.
"कोडोलीच्या जत्रंत. बारा वर्साची हुतो.
फटाका वाजला, शिंगरू पळालं,
बोट त्येच्यासंगं गेलं."
मी वेढे सोडले.

घोडीचं नाव सुपारी.
रंग तसाच, आणि अंगही तसंच, बारकं नि कठीण.
पहिला आठवडा ओझं नाहीच,
नुसतं जवळ जायचं, तेही खांद्याकडनं.
"नाकाम्होरनं गेलास तर तू तिला दिसत न्हाईस.
मागनं गेलास तर तू लांडगा."
जाताना बोलत राहायचं.
घोडीशी काय बोलतात?
मी बाजारभाव सांगितले:
एक नंबर, दोन नंबर, आज आवक किती.
सुपारीचा एक कान माझ्याकडं वळला,
दुसरा ओढ्याकडंच राहिला.
"आज एक मिळाला," बाई म्हणाली,
"दुसरा उद्या मागू."

मग ओझं.
थोरल्याच्या शाळेची पोरं पन्हाळ्यावरनं पावनखिंडीला चालत जाणार,
आणि सामानाचा जिम्मा, सभेत जास्त बोलल्यामुळं, माझ्या गळ्यात.
वजन म्हणजे माझ्या घरचं.
डावीकडचा किलो न् किलो उजवीकडं जुळवला, वहीत मांडला.
तिनं वही बघितलीच नाही.
पातेलं हलवलं. आत पळी खुळखुळली.
"काटा बरुबर हाय. पर ह्यो आवाज
आठ मैल तिच्या बरगडीत वाजणार."
पळी फडक्यात गेली.

तंग आवळताना सुपारी पोट फुगवते.
चार पावलं चालवायची,
मग पुन्हा दोन भोकं आत.
(हे मला पेठेनं आधीच शिकवलेलं.
पहिला सौदा श्वास रोखूनच होतो.)

आणि गाठ.
"निरगाठ मारशील तर घोडं मरंल, गाठ न्हाई मरायची."
सुरगाठ. टोक मोकळं. एका हिसक्यात.
रात्री दिवा घालवून पलंगाच्या पायाला मारत बसलो,
सोडत बसलो.
अंधारातनं बायको म्हणाली,
"पलंग पळून जायला लागलाय काय?"

मसाई पठारावर, दुपारी,
वारा.
कुणाच्या तरी वाढदिवसाचा फाटका फ्लेक्स
करवंदीच्या जाळीतनं सुटला
आणि आमच्यापुढं उभा राहिला, हात जोडून, हसत.
सुपारी अख्खी हवेत.
कासरा सरसरत निघाला, तळवा भाजला.
मागं अठ्ठावीस पोरं, त्यातलं एक ओरडलं, "धरा!"
मी धरला नाही.

चाळीस पावलांवर थांबली ती.
ओझं सरकून पोटाखाली लोंबलेलं,
चारी पाय फाकलेले, नाकपुड्या लाल.
पोरांना हातानं बसवलं.
खांद्याकडनं गेलो, घसा कोरडा.
एक नंबर. दोन नंबर.
आज आवक कमी.
कान.
टोक ओढलं.
सगळं एकदम खाली आलं,
तांदूळ, तंबू, पातेलं.
पळीचा आवाज झाला नाही.

लगमाबाई सावकाश आली.
माझा हात उलटा केला, सुलटा केला,
"पाच हाईत," म्हणाली,
आणि पदर खोचून तांदूळ गोळा करायला बसली.

त्या रात्री भातात खडे लागले.
पोरांनी नावं ठेवली, मास्तरांनीसुद्धा.
सुपारी पलीकडं चरत होती,
एक कान इकडं.