अकरा ओळी

मगदूम मास्तरांना जाऊन सोळा वर्षं झाली
आणि आता त्यांच्या पेवातल्या बाईला
चेहरा पाहिजे झालाय.

मुंबईहून तिघं आले, दारात गाडी मावेना.
हस्तलिखित पुरात गेलं. प्रेस त्याच्या आधीच.
उरलो मी, दस्तगीर मुलाणी, खिळे जुळवणारा,
मास्तरांच्या बावीस कादंबऱ्या, एकही सरळ वाचलेली नाही,
सगळ्या उलट्या, शिशात.

"काका, ती दिसते कशी? पुस्तकात कुठंच नाही.
कंदील विझतो, हळदीचा वास येतो,
आणि पुढच्या ओळीत एकदम सकाळ."
चष्मेवाला म्हणाला, हीच तर प्रतिभा,
न दाखवण्यातली.
माझ्या हातचा चहा बशीत सांडला.

प्रतिभा कसली पोरा, फर्मा.
सोळा पानांचा एक, असे सहा, शहाण्णव पानं,
किंमत दीड रुपया, एसटी स्टँडवर दोरीला टांगून.
सत्त्याण्णवाव्या पानावर अकरा ओळी लोंबत होत्या.
मालक म्हणाले, काढा कुठल्या तरी.
मास्तर शाळेत, हरिपूरला. सायकल पंक्चर.
मी नव्वदाव्या पानाची दोरी सोडली
आणि तिचा चेहरा चिमट्यानं उचलून
ज्या त्या घरात परत टाकला,
क कच्या घरात, ळ ळच्या.
दुसऱ्या दिवशी त्याच खिळ्यांतून
कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका झाली.

मास्तरांनी छापील प्रत चाळली. काही बोलले नाहीत.
मग पत्रं यायला लागली, जतहून, कवलापूरहून,
विट्याच्या एका नर्सचं, "चार रात्री दिवा चालू ठेवला."
तेव्हा मला मिसळ खाऊ घालून एवढंच म्हणाले,
पुढच्या पुस्तकातलंही काही तरी काढ.

हे मी त्या तिघांना सांगितलं नाही.
म्हणालो, आठवत नाही.

शूटिंगला मात्र गेलो. गाडी पाठवली होती.
प्लायवूडचं पेव, वीस फूट, खाली हिरवा पडदा,
त्यावर नगर नंतर येणार, राजा नंतर, सापांचा बाजार नंतर.
हळद म्हणून रंगवलेला भुसा.
कंदिलात बॅटरी.
आमच्या लहानपणी पेवात आधी कंदील सोडत,
तो विझला तर माणूस उतरत नसे.
मास्तरांपाशी भीती होती ती एवढीच.
बाकीचं नगर पोट भरायला.

बाई झालेली पोरगी इचलकरंजीची, कस्तुरी हावळ.
तोंडभर ठिपके चिकटवलेले,
चेहरा हैदराबादला बसवणार, कॉम्प्युटरवर.
ठिपके सुटू नयेत म्हणून ओठ न हलवता
भडंग खात होती, एकेक दाणा.
मला म्हणाली, "चाचा, मी इथं कुणाची वाट बघते?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.
मालकांनी नाही. मीही नाही.

मला तोंडानं सांगता येईना.
डावा तळहात पुढं धरला, स्टिक धरतात तसा,
आणि उजव्या बोटांनी हवेतून खिळे उचलत गेलो.
भुवईवर जुनी खोक. कानात एकच बाळी.
शिडी वर ओढून घेतलेली तिनं पाहिलीय,
तेव्हापासून मान तशीच.
अकराव्या ओळीत ती उतरणाऱ्याला विचारते,
वर अजून उजेड आहे का?

शॉटमध्ये कस्तुरीनं ते विचारलं.
चष्मेवाला ओरडला, कट, तुला डायलॉग नाहीये.
जनरेटरवाला पोऱ्या मात्र वरून बोलून गेला,
"हाय की अजून."
सगळे हसले. ती नाही.

पिक्चर नातवानं मोबाईलवर दाखवला.
चेहरा हैदराबादचा. दात पुष्कळ.
पण दात यायच्या आधी, अर्धा क्षण,
मान वर होते. तेवढी तिची.
मागं घे, म्हटलं. त्यानं घेतलं.
अजून एकदा.
"नाना, भ्यालासा काय?"

आधी लाईट लाव, म्हटलं,
मग सांगतो.