आत्याबाईच्या मिशा

ग्रिम्सबीत वारा फिरला की बंद काचांआडच्या वर्गातही
मासळीबाजार भरतो.
मी कोट न काढताच बसते, लायब्ररीच्या कोपऱ्यात,
बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीशी,
हातात स्टॉपवॉच, समोर साठ शब्दांचा तक्ता.

चव्वेचाळीस जागा होत्या, अठ्ठ्याऐंशी मुलं.
आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं, एका मुलाला एक बाई.
मिसेस ब्लँचर्ड सप्टेंबरात म्हणाल्या होत्या,
"मला विचारा ना. कुणाला गरज आहे ते मी झोपेतही सांगेन."
म्हणूनच तुम्हाला विचारायचं नाही, मी म्हटलं,
जरा जास्तच फटकन.
तुम्ही निवडाल ती मुलं तुमच्या नजरेतली,
आणि नजर हीसुद्धा एक शिकवणीच.
मग सुधारलं ते कशानं, कोण सांगणार?

शेफील्डच्या ऑफिसात कुणीतरी संगणकात एक बी टाकलं,
कुणाच्या तरी जुन्या फोन नंबराचे शेवटचे सहा आकडे,
आणि अठ्ठ्याऐंशी नावांचे दोन ढीग झाले.
चिठ्ठ्या टाकतात तसंच. फक्त चिठ्ठी उचलायला
लहान मूल पुढे केलं नव्हतं.
मुलं सगळी ढिगातच होती.

आई फोनवर विचारते, नक्की काम काय करतेस गं?
जे झालं ते मोजते, मी सांगते,
आणि ते केलं नसतं तर काय झालं असतं, तेही.
आई हसते. "आत्याबाईला मिशा असत्या तर!"
हो, आई. अगदी तेच.
एकाच आत्याबाईला मिशांसकट आणि मिशांविना बघता येत नाही,
म्हणून चव्वेचाळीस आत्याबाया इकडे, चव्वेचाळीस तिकडे,
सरासरीत सारख्या,
मिशा एकाच बाजूला.

कोण कुठल्या बाजूचं ते मला कळता कामा नये.
मुलांनाही बजावलेलं असतं: पाहुण्या बाईंना सांगायचं नाही.

जूनमध्ये डार्सी मम्बी आली, वय सात, पुढचे दोन दात नाहीत.
एकतिसाव्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "नाइट. तलवारवाला."
इथवर थोडीच मुलं येतात,
आणि आली तरी 'क्नि... क्निग' करत अडखळतात.
"यातला के मुका आहे," तिनं मलाच समजावलं.
"तो असतो, पण त्यानं बोलायचं नसतं.
आजोबांच्या घोड्याच्या नावात आहे.
त्यांना बारीक दिसत नाही. शनिवारी मी वाचते, ते पैसे लावतात.
मागे चार पौंड आले."
मग अचानक:
"मी त्या बाईंकडे नाही जात. मला नाही घेतलं.
मी काय केलं होतं?"

काही नाही. तू काहीच केलं नव्हतंस.
हेच तर या पद्धतीचं सौंदर्य, असं आम्ही व्याख्यानात सांगतो:
कुणी काहीच केलेलं नसतं.
"तुझी चिठ्ठी निघाली नाही, एवढंच."
"घोड्यासारखं?"
"घोड्यासारखं." मग वाटलं, छे.
घोडा निदान धावतो तरी.

फॉर्मवर खूण केली: परीक्षकास गट कळला.
तिचे साठ शब्द गुरुवारी पुन्हा दुसऱ्याच कुणी ऐकले.

निकाल हिवाळ्यात आला.
फरक एका महिन्याच्या प्रगतीएवढा, अधिक-उणे दोन महिने,
म्हणजे मधोमध शून्य, मांडी घालून आरामात बसलेलं.
मिसेस ब्लँचर्डनी विचारलं, "मग उपयोग झाला की नाही?"
माहीत नाही, मी म्हटलं.
आधी नुसतंच माहीत नव्हतं,
आता किती माहीत नाही ते माहीत आहे.
त्या गप्प. मागे मधल्या सुट्टीची घंटा, आणि पायांचा गलका.

अहवालात डार्सी म्हणजे क्रमांक सत्तेचाळीस, तुलनागट.
तिचा घोडा, आजोबा, चार पौंड,
सगळं आमच्या शिकवणीच्या उलट्या पारड्यात.
सरासरी तिच्यामुळे केसभर हलली असेल.
नाव कुठे नाही.
ती असते,
पण तिनं बोलायचं नसतं.